आंब्याच्या ओढ्यावरचं काळं फुलपाखरू, जात कुठली?

लेथवाला_शिरोली
रविवार, रात्री 10.15

मंडळी, नमस्कार. मी एरवी जुन्या गाड्यांच्या भागात पडीक असतो, फुलपाखरांत पहिल्यांदाच आलोय. काही येड्यागत विचारलं तर सांभाळून घ्या.

माझं शिरोली एमआयडीसीत लेथचं लहान वर्कशॉप आहे. आठवडाभर शाफ्ट नि बुश, कानात मशीन वाजत असतं. म्हणून सुट्टीला गाडी काढायची, आमच्या मंडळींना मागं बसवायचं आणि कुठल्या तरी घाटाला जाऊन यायचं, हा नेम. परवा संध्याकाळी वळीव चांगला बडवून गेला. म्हटलं हवा थंड असेल, आंबा घाटाला जाऊ. बांबवड्याला चहा, मलकापूरला पेट्रोल, आणि दहाच्या सुमाराला आंबा गाव मागं टाकून मानोलीच्या रस्त्याला लागलो.

मानोली धरणाच्या अलीकडं एक ओढा रस्त्याला आडवा जातो. वैशाखात तो नावालाच ओढा. पण वळवानं वाळू भिजलेली, मधी मधी डबकी साठलेली. त्या ओल्या वाळूवर काळी फुलपाखरं बसलेली. मोजली नाहीत, पण तीस-चाळीस तर असतील. पंख मिटून, एकाला एक खेटून, जेवणावळीत पंगत बसल्यागत. त्यात दोन-चार निळ्या पट्ट्यांची होती. ती मला ओळखू येतात, ब्लू टायगर. बाकी सगळा काळा कारभार.

मी पोटावर झोपून फोटो काढाय लागलो. मंडळी म्हणाली, "उठा आता, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटंल गाडीवरनं पडलायसा." पण झोपलो म्हणून बरं झालं. त्या पंगतीत एक गडी वेगळा निघाला.

वेगळा म्हणजे कसा ते सांगतो. रंग तोच, काळपट तपकिरी. पांढऱ्या खुणा पण लांबनं तशाच. उडायची ढब तीच, सावकाश तरंगत आलं आणि बसलं. बसल्यावर मात्र गप नाही. बाकीचे वाळूला सोंड लावून मेल्यागत पडलेले, आणि हे मधूनच थरथरतंय. मोटरचं बेअरिंग जायला आलं की वरनं हात ठेवल्यावर लागतं ना, तसं. तेवढ्यात रस्त्यावरनं एक जीप गेली. पंगत उठली, पण आरामात, चार फूट वर जाऊन परत खाली. हा गडी मात्र सुसाट! झाडांच्या शेंड्यावरनं गेला. मला वाटलं गेला आता. तर पाच-सात मिनिटांनी परत आला, परत तीच डुलत डुलत चाल, जशी काय मघाची पळापळ त्याची नव्हेच.

दुसरं म्हणजे, मागच्या पंखाच्या काठाला पिवळ्या ठिपक्यांची ओळ. शेजारी बसलेल्यांना ती नाही, त्यांच्या काठाला पांढरेच ठिपके.

तिसरं, माप. धंद्याची खोड, काय करणार. तो बसला होता तिथं जांभळाचं एक पान पडलेलं, फोटोत शेजारीच दिसतंय. तो उडून गेल्यावर ते पान उचलून डब्यात घालून आणलं आणि वर्कशॉपला जाऊन व्हर्नियर लावला. 118 मिमी. फोटोतल्या प्रमाणावरनं पुढचा पंख मुळापासून टोकापर्यंत 54 मिमी येतो. पान जरा कलतं होतं, त्यामुळं दोन-तीन मिमी इकडं तिकडं धरा. शेजारचा एक तसाच मोजला, 46.

तीन फोटो जोडलेत. पहिल्यात पूर्ण पंगत, दुसऱ्यात तो एकटा बाजूनं, तिसरा हललाय पण टाकतो.

आता घोळ असा, की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला तर एकानं ही ब्लू मॉर्मनची मादी म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं "आपलं राज्य फुलपाखरू" म्हणून खाली झेंडा लावला, आणि तिथनं पुढं वीस जणांनी हात जोडले. मोबाईलमधल्या ॲपला विचारलं तर त्यानं दोन फोटोंना दोन वेगळी नावं दिली. एकच जीव, दोन नावं. असला गेज मी वर्कशॉपमध्ये ठेवला नसता.

तर हा कोण? आणि नुसतं नाव नको, कशावरनं ओळखलं ते पण सांगा. म्हणजे पुढच्या बारीला माझं मला जमंल.


घाटमाथा_77
रविवार, रात्री 10.32

कॉमन क्रो. सगळीकडं असतं, अगदी शहरात कण्हेरीवर पण. एका घोळक्यात बसलेत म्हणजे सगळे तेच. ठिपक्यांत थोडा फरक असतोच. फोटो छान.


मास्तर_राधानगरी
रविवार, रात्री 11.05

घाटमाथा, जरा दमानं घ्या. घोळक्यात बसलेत म्हणून सगळे एकच, असं म्हणायचं तर मग कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला उभे असलेले सगळे एकाच घरातले म्हणायचे.

लेथवाले दादा, पहिल्याच प्रश्नाला एवढं निरखून लिहिणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत बघितला नाही. लोक टाकतात काय, तर एक धूसर फोटो आणि "जात सांगा". तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे, पण तुम्ही कशावरनं विचारलंय, म्हणून आधी तुमच्याकडनंच एक काम करून घेतो. दुसरा फोटो मोठा करा आणि पाय मोजा. तुमच्या बाजूचे किती दिसतात ते सांगा. बाकी रंगाचं नंतर बोलू.

आणि हो, ब्लू मॉर्मन नव्हे. ती मादी असो नाहीतर नर, मागच्या पंखावर फिकट निळ्याचा एवढा मोठा पसारा असतो की चुकायची सोय नाही. 2015 साली ते राज्य फुलपाखरू झालं, तेव्हापासनं काळं दिसलेलं प्रत्येक फुलपाखरू लोकांना तेच वाटतं.


लेथवाला_शिरोली
सोमवार, सकाळी 7.50

मास्तर, रात्रीच मोजले. लेकीचा लॅपटॉप घेतला आणि मोठं करून बघितलं. या बाजूला चार दिसतात. म्हणजे दोन्हीकडचे मिळून आठ? फुलपाखराला आठ पाय नसणार एवढं मला पण कळतं. शेजारच्याला या बाजूला तीन दिसतात. मंडळी म्हणते डोळे तपासून या.


मास्तर_राधानगरी
सोमवार, सकाळी 8.20

डोळे चांगले आहेत. एक पाय म्हणून तुम्ही सोंड मोजलीय. वाळूतलं पाणी ओढताना सोंड सरळ खाली लावलेली असते, आणि बाजूनं बघितलं की ती पायासारखीच दिसते. डोक्यातनं निघणारी बारीक, बिनसांध्याची, मधी कुठं गुडघा नसलेली जी दांडी आहे, ती वजा करा. मग तुमच्या गड्याचे तीन उरतात आणि शेजाऱ्याचे दोन.

आता ऐका. क्रो, टायगर ही मंडळी ज्या कुळातली, त्या कुळात पुढचे दोन पाय आखडून छातीशी घेतलेले असतात. इतके बारीक की दिसत नाहीत, चालायला उपयोग नाही. त्यामुळं ती चार पायांवर उभी राहतात. स्वॅलोटेलचं कूळ, म्हणजे मॉर्मन, "जे" नावाचं फुलपाखरू, ब्लूबॉटल वगैरे, पूर्ण सहा पायांवर. एका बाजूनं दोन दिसले की क्रोचं कूळ असू शकतं. तीन स्वच्छ दिसले की क्रो नव्हेच, विषय संपला. उलटं मात्र धरू नका: दोनच दिसले तर तिसरा वाळूत नाहीतर पंखाआड गेला असेल.

दुसरी खूण, तुमच्या धंद्यातली. मागच्या पंखाची आतली कड बघा, पोटाच्या बाजूची. स्वॅलोटेलमध्ये ती कड आत खाच मारल्यासारखी असते आणि पोट उघडं पडतं. क्रोमध्ये तीच कड पन्हळासारखी वळते आणि पोट त्यात बसतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत पोट पूर्ण मोकळं दिसतंय.

म्हणजे स्वॅलोटेलच्या कुळातलं, शेपटी नसलेलं, क्रोसारखं दिसणारं, आणि मागच्या पंखाच्या काठाला पिवळी ओळ असलेलं. कॉमन माईम. क्रोची नक्कल करणारं हे त्याचं रूप. मागच्या पंखावरच्या पांढऱ्या खुणाही बघा: क्रोचे काठालगतचे ठिपके साधारण गोल, दोन ओळींत. माईमचे लांबट, बाणाच्या टोकासारखे. अंगावरचे पांढरे ठिपके मात्र ओळखायला घेऊ नका, ते दोघांनाही असतात. नक्कल करताना त्यानं तेवढं सुद्धा सोडलेलं नाही.

तुम्ही जी पळापळ बघितली ती तर या फुलपाखराची सहीच म्हणा. एरवी क्रोच्या चालीनं डुलत हिंडायचं, आणि खरंच भ्यालं की नाटक टाकून स्वतःच्या मूळ चालीवर यायचं. क्रोला तशी घाई नसते. पक्षी त्याला एकदा खातो, तोंड कडू करून घेतो आणि परत त्याच्या नादाला लागत नाही. त्यामुळं क्रो निवांत. माईमच्या अंगात तसलं काही नाही, त्याचं सगळं भांडवल म्हणजे ते सोंग. सोंग उघडं पडतंय असं वाटलं की पळणं आलं.

मापाबद्दल: मेहनत मान्य, पान उचलून आणणारा माणूस मी पहिलाच बघितला. पण मापावर जात ठरवू नका. कॉमन क्रो पंख पसरून साधारण 85 ते 95 मिमी, माईम 90 ते 120. मधला पट्टा दोघांचा. शिवाय अळीला खायला कमी मिळालं की फुलपाखरू बारकं निघतं आणि जन्मभर बारकंच राहतं. ते काय वाढत नाही पुढं.


घाटमाथा_77
सोमवार, सकाळी 9.10

पिवळी ओळ मी बघितलीच नव्हती. मोबाईलवर बघितलं की सगळं काळंच. पण एक विचारतो मास्तर, क्रोच्या पण दोन-तीन जाती आहेत ना? डबल ब्रँडेड वगैरे?


मास्तर_राधानगरी
सोमवार, सकाळी 9.40

आहेत. कॉमन क्रोच्या नराला पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला एक आडवी रेघ, डबल ब्रँडेडच्या नराला दोन. पण त्या रेघा पंख उघडल्यावरच दिसणार, आणि वाळूवर बसल्यावर ती पंख मिटून असतात. म्हणून लेथवाले दादांच्या पंगतीतल्या बाकीच्यांना मी नुसतं "क्रो" म्हणेन, पुढचं आडनाव लावणार नाही. जे फोटोत नाही ते कशाला सांगायचं?


तिलारीच्या_पलीकडून
सोमवार, दुपारी 1.15

मध्येच बोलतो. आमच्या बाजूला एक मलाबार रेवन म्हणून असतं, तेही स्वॅलोटेल, तेही क्रोची नक्कल करणारं, आणि ते फक्त सह्याद्रीतच सापडतं. सहा पाय, शेपटी नाही, काळपट तपकिरी, सगळं जुळतं. रेवन का नको?

एवढं फोटो बघून नाव टाकतात लोक, आणि रेवन कुणाच्या डोक्यातही येत नाही, म्हणून विचारलं.


मास्तर_राधानगरी
सोमवार, दुपारी 1.50

चांगलं विचारलंत, मीच लिहायला पाहिजे होतं. रेवनच्या मागच्या पंखाला ती पिवळी ओळ नसते. आणि त्याच्या पुढच्या पंखावर मधल्या कप्प्याच्या टोकाला एक पांढरा ठिपका असतो, तो इथं नाही. दुसऱ्या फोटोत पिवळे ठिपके सात-आठ मोजता येतात. पिवळं दिसलं नसतं, पंखाची कड फाटलेली असती, तर मी पण गप्प बसलो असतो.


परडं_आजरा
सोमवार, रात्री 9.25

मास्तर आणि दादा, मी तुमच्याएवढी जाणकार नाही, पण या दोघांना मी घरात वाढवलंय, म्हणून लिहिते.

आमच्या परड्यात दालचिनीचं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं. पान मोडून भातात घालायला बरं. चार-पाच वर्षांपूर्वी बघते तर कोवळी पालवी सगळी कुरतडलेली. काळपट अळ्या, अंगावर पिवळे पट्टे आणि लाल ठिपके. दिसायला देखण्या, पण हात लावला की मानेमागनं दोन शिंगं बाहेर काढायच्या आणि असा काय वास! मालकांनी औषध मारायचं ठरवलं. मी म्हटलं थांबा, एक फांदी मला द्या. जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली, रोज ताजी पानं घातली.

एक दिवस अळ्या गायब. पिंजऱ्यात नुसत्या दोन वाळक्या काड्या. साफ करायला म्हणून एक काडी मोडायला गेले, तर ती जरा हलली! अहो, तो कोष होता. मोडकी काडी म्हणजे किती मोडकी, टोक सुद्धा तुटल्यासारखं वाकडंतिकडं. मी आजवर असलं सोंग बघितलं नाही. पंधरवड्याच्या आत-बाहेर त्यातनं एक काळं फुलपाखरू निघालं, काठाला पिवळी ओळ असलेलं. तेव्हा नाव माहीत नव्हतं. मी वहीत "दालचिनीवालं" असं लिहून ठेवलंय.

क्रोचं उलटं. ते आमच्या कण्हेरीवर. त्याच्या अळीला शिंगं बाहेर काढायची गरजच नाही, पाठीवर लांब लांब काळ्या तंतूंच्या जोड्या कायमच असतात. आणि कोष? पानाखाली टांगलेला, चांदीचा मुलामा दिल्यासारखा लखलखीत. धाकटी लेक त्याला झुमका म्हणायची. कण्हेर विषारी, तिचा चीक बाधतो म्हणून आम्ही गुरांना लांब ठेवतो, आणि ही अळी तीच पानं खाऊन वाढते.

म्हणजे बघा, मोठेपणी दोघं जुळ्या भावांसारखे, पण लहानपणी एकजण झुमका आणि एकजण काडी. फुलपाखरात गोंधळ होतो, अळीत कधीच होत नाही.


मास्तर_राधानगरी
सोमवार, रात्री 10.05

ताई, "दालचिनीवालं" हे नाव पुस्तकातल्या नावापेक्षा चांगलं आहे. खरंच ते दालचिनीच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. दालचिनी, मैदालकडी, असली. आंब्याच्या जंगलात या कुळाची झाडं आहेत, त्यामुळं दादांचा गडी तिथं भेटणं साहजिक आहे. शहरात कण्हेर दारोदार आहे, म्हणून क्रो दारोदार. माईम बघायचं तर त्याच्या झाडाकडं जावं लागतं.

तुमची काडीची गोष्ट वाचून आणखी एक सांगतो, कारण लोक नकलेला फार साधं समजतात. हेन्री वॉल्टर बेट्स नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं राहिला, आणि 1862 साली त्यानं हे पहिल्यांदा मांडलं, की खाण्याजोगं फुलपाखरू कडू फुलपाखराचा वेष घेऊन वाचतं. पण याला एक अट आहे. खरे कडू जास्त पाहिजेत आणि सोंगाडे कमी. सोंगाडेच जास्त झाले तर पक्ष्याला चारातली तीन चवदार लागतील, आणि मग क्रोचा दराराच संपेल. दादांच्या पंगतीत तीस-चाळीसात एक. हिशेब बरोबर जुळतो.

आणि माईमनं तर त्यावर पण तोड काढलीय. त्याचं एकच सोंग नाही, दोन आहेत. एक क्रोचं, जे तुम्हाला दिसलं. दुसरं टायगरचं, फिकट पट्ट्यापट्ट्यांचं. कॉमन मॉर्मनमध्ये फक्त माद्या सोंग घेतात, नर आपल्या मूळ रूपातच. माईममध्ये तसं नाही. नर असो, मादी असो, कुणीही क्रो होतं नाहीतर टायगर होतं. आणि पिवळी ओळ दोन्ही सोंगांत मागच्या पंखाच्या काठाला राहतेच. वेष बदलला, तेवढी किनार बदलायची राहिली.


घाटमाथा_77
मंगळवार, सकाळी 8.05

काल रात्री झोप नाही. माझ्याकडं "क्रो" नावाचं फोल्डर आहे, पाच-सहा वर्षांचं. पन्हाळा, गगनबावडा, आंबा सगळीकडचं. मास्तरांचं वाचल्यावर एकेक फोटो मोठा करून पाय मोजत बसलो. बहुतेक वरनं काढलेत, पाय दिसतच नाहीत, ते बाजूला ठेवले. बाजूनं काढलेल्यांत तीन असे सापडले की काठाला पिवळं आहे. त्यातला एक मी फेसबुकवर टाकून "कॉमन क्रो, पन्हाळा" लिहून शंभर लाईक घेतलेत. आता दुरुस्त करू का गप बसू?


मास्तर_राधानगरी
मंगळवार, सकाळी 8.15

दुरुस्त करा. लाईक कुणी परत मागत नाही.


लेथवाला_शिरोली
मंगळवार, रात्री 9.50

सगळ्यांचे आभार. खरं सांगतो, नावापेक्षा पाय मोजायचं शिकवलंत ते लई आवडलं. आज वर्कशॉपमध्ये पोरांना सांगितलं, जॉब चांगला दिसतोय म्हणून पास करायचा नाही, उलटा करून बघायचा. पोरं म्हणाली, मालक आज काय खाऊन आलेत.

आजऱ्याच्या ताई, तुमचं वाचून मंडळींनी दालचिनीचं रोप आणायचं ठरवलंय. आमच्याकडं परडं नाही, टेरेसवर मोठ्या ड्रममध्ये जगेल का? अळ्या येतील न येतील, भातात पान घालायला तर होईल.

तिलारीवाले दादा, रेवन बघायला तुमच्याकडं यावं लागणार. आल्यावर त्रास देतो.

आता एक नवीन घोळ. मास्तरांनी टायगरच्या सोंगाचं लिहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत लिहिलेलं, की निळ्या पट्ट्यांची दोन-चार मला ओळखू येतात, ब्लू टायगर. तर मघाशी पंगतीचा फोटो परत उघडला. तीन जण व्यवस्थित निळसर आहेत, या बाजूला दोनच पाय दिसणारे. चौथा कोपऱ्यात, अर्धा दगडाआड. त्याचे पट्टे निळे नाहीत, मळक्या पांढऱ्या रंगाचे वाटतात. मागच्या पंखाचा जेवढा काठ दिसतोय तेवढ्यात पिवळं आहे.

तेवढाच भाग कापून चौथा फोटो म्हणून जोडलाय. सोंड वजा करून मोजले, मास्तर. या बाजूला तीन.